डेअरीच्या काट्यावरची मेथी

आत्ती, आपल्या गावात आता बायका सकाळी डेअरीला दुधाबरोबर मेथी घालतात. पोकळा घालतात, शेपू घालतात, दोडका, घेवडा, घरामागच्या परड्यात निघालेली चार वांगी, जे असेल ते घालतात. हे ऐकून तुम्ही हातातलं काम न थांबवता काय म्हणाल ते मला माहीत आहे. म्हणाल, "मेथीला कवापास्नं सड फुटलं गं?" सगळं नीट सांगते. पण मधे बोलू नका. तुम्ही होतात तेव्हा मला एकही गोष्ट शेवटपर्यंत सांगू दिली नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी ऐकून घ्या.

सुरुवात शेवग्यापासून करायला हवी. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून तुमची सून होऊन आले तेव्हा माझ्याकडे गृहशास्त्राची पदवी होती, गावातल्या हायस्कुलात नोकरी होती, आणि कुठल्या भाजीत लोह जास्त आणि कुठलीत चुना जास्त हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येत होतं. आपल्या परड्यातला शेवगा त्या वर्षी शेंगांनी वाकला होता. तुम्ही वैरणीला गेला होतात. समोरच्या घरातल्या आक्का, त्याही तेव्हा नवी नवरीच, शेंगा मागायला आल्या. मी जुडी बांधून दिली आणि त्यांनी पैसे पुढे केले ते घेतले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वस्तू दिली, मोबदला घेतला. तुम्ही आलात, चुलीजवळ ठेवलेली नाणी पाहिलीत, कुठली म्हणून विचारलंत आणि डोक्यावरचा भारा नुकता उतरवलेला, तशाच पायांनी रस्ता ओलांडून ती परत देऊन आलात. मग माझ्यासमोर उभ्या राहिलात. "ह्या घरातनं भाजी दिली जाती. इकली जात न्हाय. उद्या लोक म्हनतील, ह्यांच्यात खायाला न्हाय म्हनून शेंगा इकाय लागल्यात." मी शिकलेली. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "आत्ती, तुम्ही सकाळ-संध्याकाळ दूध विकताच की." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी म्हशीलाच शिवी दिली. "दूध मी इकत न्हाय. डेअरीला घालतो." मी हसले. रात्रीच्या जेवणात शेवग्याची आमटी होती. सगळ्यांच्या वाटीत शेंगा, माझ्या वाटीत नुसतं पाणी. तुमची शिक्षा करायची पद्धत मला फार आवडायची, हे तेव्हा सांगितलं नाही.

तुम्ही खायला घालण्यात कधी हात आखडलात असं मात्र मी म्हणणार नाही. थोरल्याच्या वेळी मला दिवस गेले होते आणि मी शाळेत उभी राहून शिकवत होते. मधल्या सुट्टीच्या आधीच तुम्ही वर्गाच्या दारात. डोक्यावर पदर, हातात फडकं झाकलेली वेताची बुट्टी. "आदी खा, मग शिकीव." वर्गातल्या मुली तोंडावर हात धरून हसताहेत, मी डोळ्यांनी तुम्हाला जा म्हणून खुणावतेय, आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून बुट्टीवरचं फडकं काढताय. गरम भाकरी, शेपूची भाजी, वर कच्ची पाथरीची पानं. मला शेपू आवडत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी रोज शेपू. मी मुकाट्याने खायची, कारण माझं खाऊन होईपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत आणि मला पुढचा तास बुडवायचा नव्हता.

पण आत्ती, तुमच्या देण्याबद्दल मला तेव्हाही एक सांगायचं होतं. दारात मागायला यावं लागायचं. ज्यांच्याकडे परडं होतं त्या एकमेकींना बुट्टी भरून पाठवायच्या, बुट्टी रिकामी परत यायची नाही, ते सगळं छान होतं. पण जिच्याकडे परडंच नाही, ती आपल्या दारात येऊन उभी राहायची, आणि तुम्ही भाजी काढता काढता सहज म्हणायचात, "आलीयास तर येवढं अंगन लोटून घे." तुमच्या मनात काही नसायचं. तिच्या मनात असायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा चेहरा बघायची. ती पुढच्या वेळी यायची नाही, तिच्या पोराला पाठवायची. मग तेही थांबायचं.

आता आपलं आणि आणखी दोन-चार सोडली तर परडीच राहिली नाहीत. ऊस दाराला टेकला आहे. घरं स्लॅबची झाली, मागच्या मोकळ्या जागेत न्हाणी आली, गाडी लावायला पत्रा आला. भाजी पिकत नाही असं नाही. उसाच्या सरीत, बांधावर, नदीकडच्या मळीत भरपूर पिकते. पण ती संध्याकाळी टेम्पोत बसून कोल्हापूरला जाते. पुनवेला आणि शनिवारी वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्याने जातात, तेव्हा आपल्याच बायका रस्त्याकडेला वांग्यांचे ढीग लावून बसतात. गावाच्या ताटात मात्र बटाटा. मी निवृत्त व्हायच्या आधीची काही वर्षं शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुली चक्कर येऊन खाली बसायच्या. चोहीकडे हिरवं रान आणि मधे ह्या पांढऱ्याफटक मुली. सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारलं की खिशातून वेफर्सचं पाकीट निघायचं. मी रागावून रागावून दमले. रागावून रक्त वाढत नाही, हे मला उशिरा कळलं.

मग गेल्या वर्षी आपल्या गल्लीत एक गंमत झाली. बागवान चाची रोज पहाटेच्या टेम्पोने कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जातात, भाजी घेतात आणि दुपारी हातगाडी घेऊन गावात फिरतात. तुम्ही त्यांच्या सासूला ओळखायचात, केळी घेऊन यायच्या त्या. तर चाचींची गाडी आक्कांच्या दारात थांबली. आक्कांनी मेथीची जुडी उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि ओरडल्याच. "अगं बया! ही तर माझी गाठ हाय की!" आक्का जुडी बांधतात ती केळीच्या सोपाच्या दोऱ्याने, दोन वेढे घालून टोक आत खोचतात. अशी गाठ दुसरं कोणी घालत नाही. त्यांच्याच रानातली मेथी आदल्या संध्याकाळी टेम्पोतून कोल्हापूरला गेली, तिथे रात्र काढली, आणि पिवळी पडून चाचींच्या गाडीवरून त्यांच्याच दारात परत आली. चाची गाडीला टेकून हसत सुटल्या. "आक्का, माहेराला जाऊन आलीया तुमची मेथी. सुकली म्हनून काय घरात घेनार न्हाईसा?" आक्का म्हणाल्या, "माझीच मेथी मीच इकत घेऊ व्हय?" आणि घेतली. करणार काय, घरात दुसरं काही नव्हतं. मी ओट्यावर उभी राहून हे सगळं पाहत होते आणि मला हसूही येत होतं आणि संतापही.

दुसऱ्याच दिवशी मी सरपंचाकडे गेले. आठवीत असताना तो माझ्या हाताखाली होता, त्यामुळे मी बसायला सांगायची वाट पाहिली नाही. डेअरीला लागून ग्रामपंचायतीचा गाळा रिकामा पडला होता, तो मागितला. गावातली भाजी गावातच विकायची, ताजी. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, गाळा घ्या. पर दसऱ्यापत्तूर. न्हाय चाललं तर पुतन्या वेफर्स आनि थंडाचं दुकान टाकतोय. त्येला शब्द दिलाय मी." मी म्हटलं, "तू स्वतः प्रार्थनेला चक्कर येऊन पडला होतास, आठवतं का?" "आठवतंय की. तवा तुमीच शेंगदानं-गूळ दिलतासा." "मग?" "म्हनून तर दसऱ्यापत्तूर म्हनलो. दुसरं कोन असतं तर तेबी न्हाय."

आता तुमचा भाग येतो, आत्ती. गाळा झाडला, फळ्या लावल्या, पाटीवर भाव लिहिला. घरोघर जाऊन सांगितलं. बायकांनी भाजी आणलीही. पण गाळ्यात बसायला एक तयार होईना. आक्कांना म्हटलं तुम्ही बसा. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि बोलल्या ते शब्द तुमचेच. "गावात भाजी इकाय बसू? आमच्या घरानं न्हाय केलं आजवर." मी विचारलं, "मग वाडीच्या रस्त्यावर बसता ते?" "त्ये पावनं असत्यात. त्येंचं माझं काय नातं? हितं कुनाकडनं पैसं घेऊ, जावंकडनं?" शेवटी मीच बसले. गिऱ्हाईक यायचं, पोकळ्याची जुडी उचलायचं आणि विचारायचं, "ही कुनाची?" मी सांगायची, अमक्या वहिनींची. की लगेच जुडी खाली. "वहिनींची व्हय? मग ऱ्हाऊ द्या, घरी जाऊनच घेतो." आणि त्या बायका घरीही जात नव्हत्या. विकत घ्यायची लाज आणि मागायचीही लाज. पुन्हा बटाटा. संध्याकाळी पोकळा माझ्या समोर मान टाकून पडलेला, आणि पलीकडे सरपंचाचा पुतण्या येऊन गाळ्याच्या भिंतीची लांबी मापून जायचा, फ्रीज कुठे बसेल ते बघायला. मला नमस्कार करून मापायचा, हे विशेष.

त्यात चाचींनी माझ्याशी बोलणं सोडलं. एक दिवस गाडी गाळ्यासमोर उभी करून म्हणाल्या, "बाई, मी पोरं शिकवली ह्या गाडीवर. तुमाला पेन्शन हाय. माझ्याच पोटावर का बसलासा?"  मी गावाच्या मुलींचा विचार केला होता, टेम्पोचा केला होता. पहाटे त्या टेम्पोत पोत्यांवर बसून जाणाऱ्या बाईचा केला नव्हता.

श्रावण संपत आला होता. मी गाळ्यात बसलेले, फळीवर सुकलेला शेपू, आणि शेजारी डेअरीच्या खिडकीसमोर संध्याकाळची रांग. सगळ्या ह्याच बायका. हातात किटल्या. ताठ मानेने येतात, दूध काट्यावर ओततात, पावती घेतात, जातात. कुणाच्या चेहऱ्यावर लाज नाही. दूध एकदा मोठ्या कॅनमध्ये गेलं की कुठल्या वहिनींचं ते कुणी विचारत नाही, आणि पैसे कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही, ते आपले बिलात येतात. मला तुमची आठवण झाली. "दूध मी इकत न्हाय." तुम्ही काही मोठं शहाणपण सांगत नव्हतात, हट्ट करत होतात. पण त्या हट्टात डेअरी बसत होती. मग मेथी का बसू नये?

मी तशीच उठले आणि खिडकीत डोकं घातलं. डेअरीचा सचिव माझं बोलणं ऐकून चष्मा काढून बसला. "बाई, दुधाची फॅट लागती. मेथीची फॅट कशी काढू?" मी म्हटलं, "तू वजन लिही. फॅट मी काढते." रांगेतल्या बायका खदाखदा हसल्या, तो लाजला, आणि हो म्हणाला. ठरलं ते असं. भाजी दुधाच्या रांगेतच आणायची, काट्यावर घालायची, एकाच ढिगात टाकायची. जिने घातली तिच्या दुधाच्या बिलात जमा, जिने नेली तिच्या बिलातून वजा. ज्यांच्याकडे म्हैस नाही त्यांनी गाळ्यात रोख द्यायचे. आणि ते घ्यायला गाळ्यात कोण बसणार? मी चाचींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. मी सांगितलं, पहाटेचा टेम्पो बंद, यार्ड बंद, गाडी ऊन खात फिरवणं बंद. डेअरीचा ढीग तुम्ही विकायचा आणि विक्रीतला तुमचा वाटा आधी काढायचा. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "पहाटंचा टेम्पो बंद म्हंजे झोपाय मिळनार व्हय मला?" चाचींना पैसे द्यायला गावात कुणालाच कधी काही वाटलं नाही. तो त्यांचा धंदाच.

पहिल्या सकाळी रांगेत मी उभी राहिले, कारण कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. आपल्या शेवग्याची फांदी तोडून लावलेलं झाड आता तुमच्या झाडापेक्षा मोठं झालं आहे. त्याचा पाला आणि शेंगा घेऊन मी किटल्यांच्या रांगेत. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, म्हस कवा घेतलासा?" पुढचीने उत्तर दिलं, "म्हस न्हाय गं, शेवगा पिळून आनलाय." मी मागे वळून बघितलं नाही, नाहीतर मलाच हसू आलं असतं. शेंगा काट्यावर ठेवल्या. सचिवाने लिहिल्या. माझ्यामागे आक्का मेथी घेऊन उभ्या होत्या, दूध एका हातात, मेथी दुसऱ्या. त्यांनीही घातली.

आणि दुपारी पुन्हा सगळं अडलं. गिऱ्हाईक ढिगातली जुडी उचलतं आणि म्हणतं, "ही तर आक्कांची गाठ!" आणि खाली ठेवतं. मला गाव इतकं बारीक बघतं हे माहीत नव्हतं. कोण चिंधीने बांधतं, कोण गवताने, कोणाची गाठ डावी, सगळं सगळ्यांना पाठ. मी डोक्याला हात लावला. चाची शांतपणे उठल्या, ढिगातल्या सगळ्या जुड्या सोडल्या, भाजी एकत्र केली आणि आपल्या हाताने, आपल्या दोऱ्याने पुन्हा बांधायला बसल्या. "आता वळका म्हनावं." त्या दिवसापासून भाजी सुटी आणायची असा नियम केला. तिसऱ्या प्रहरी फळ्या रिकाम्या झाल्या. मी रिकामी फळी पुसत होते आणि पुतण्या टेप घेऊन दारात आला, आत बघितलं, टेप खिशात घातला आणि अर्धा किलो दोडके घेऊन गेला.

दसऱ्याला सरपंचाने गाळा काढून घेतला नाही. पुतण्याने दुकान टाकलंच, रस्त्याच्या पलीकडे, आणि पोरं दोन्हीकडे जातात. मी रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं. पण शाळेच्या खिचडीत आता डेअरीतून पालेभाजी जाते, आणि म्हैस नसलेल्या घरातल्या बायका चाचींशी भावावरून भांडतात. तुम्ही ते भांडण ऐकायला हवं होतं. दारात उभं राहून अंगण लोटणारी बाई अशी भांडू शकत नव्हती. मुलींचे गाल लगेच लाल झाले नाहीत, तसं होत नसतं. पण परवा एकीने मला रस्त्यात थांबवून तक्रार केली, "बाई, आई रोज शेपू करती." मी तिला म्हटलं, गप खा.

आता एकच सांगायचं राहिलं. नियम मीच केला आहे की भाजीची देवघेव डेअरीतूनच, दारात कुणी कुणाला द्यायची नाही, नाहीतर पुन्हा देणारी वर आणि मागणारी खाली. बायकांच्या बैठकीत मी हे टेबलावर हात आपटून सांगितलं आहे. काल दुपारी आक्का परड्याच्या दारात आल्या. "बाई, शेंगा दे की गं. जावई आलाय, डेअरी आता बंद." मी म्हटलं, संध्याकाळी रांगेत या. त्या हलल्या नाहीत. मग पदराच्या गाठीतून पैसे काढून पुढे केले. इतक्या वर्षांनी तेच परडं, तसाच शेवगा, तीच बाई, तोच हात. आणि माझा हात पुढे जाईना, आत्ती. मी शेंगा तोडल्या, तुमच्या बुट्टीत घातल्या, इकडेतिकडे बघितलं, विशेषतः चाची कुठे दिसतात का ते, आणि वरून फडकं झाकून दिलं. आज सकाळी बुट्टी परत आली. फडक्याखाली मेथीची जुडी, केळीच्या सोपाचे दोन वेढे, टोक आत खोचलेलं.

ती जुडी समोर ठेवून लिहिते आहे. गाठ अजून सोडलेली नाही, भाजी करताना सोडेन. हे पत्र कुठे पाठवणार? तुम्हाला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची आणि नको असेल तो मजकूर गाळून वाचायची, तेही तुम्हाला कधी कळलं नाही. हे तुमच्यासमोर बसून वाचलं असतं, तर शेंगांचा हा शेवटचा भाग मी नक्की गाळला असता.